शेळी तोंड लावत नाही ते झुडूप

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या कुठल्याही मेडिकलमध्ये थंडीच्या दिवसांत जाऊन खोकल्याचं औषध मागा. श्रीराम चौकात मागा नाहीतर लालचक्कीला, काउंटरवरचा माणूस आधी एकच प्रश्न विचारेल, "सूखा है या गीला?" ओला म्हटलं की अँब्रोक्सॉल असलेली बाटली पुढे येते. त्याच फळीवर, चार बाटल्या सोडून, हिरव्या पानांचं चित्र असलेलं अडुळशाचं सिरप उभं असतं. एक गिऱ्हाईक म्हणतं, "इंग्लिश नको, गरम पडतं." दुसरं म्हणतं, "आयुर्वेदिकनं काय होतंय, लवकर गुण येणारं द्या." दोघंही आपापली बाटली पिशवीत टाकून समाधानानं घरी जातात. आपण एकाच घराण्यातली दोन औषधं विकत घेतली, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

अँब्रोक्सॉल कारखान्यात तयार होतं, त्यात अडुळशाचा कणही नसतो. पण त्या रेणूचा मूळपुरुष अडुळशाच्या पानात सापडला. ती वंशावळ पुढे येईलच. आधी झुडूप पाहू.

अडुळसा ओळखायला सोपा. माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून थोडं वाढलेलं, बारमाही हिरवं झुडूप. पानं साधी, समोरासमोर, भाल्याच्या पात्याच्या आकाराची, वीतभर लांब. चुरगळली की उग्र वास सुटतो, चावली तर कडूजहर. थंडीत फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. फूल दोन ओठांचं असतं आणि खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा ओढलेल्या दिसतात. कुळ कोरांटीचं. मलंगगड आणि चंदेरीच्या उतारांवर माजणारी कारवीही त्याच कुळातली. कारवी सात वर्षं गप्प राहून आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करते आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आणते. तिचा हा भाऊबंद मात्र दरवर्षी निमूटपणे फुलतो आणि त्याची बातमी होत नाही. १७५३ साली लिनियसनं वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणारा ग्रंथ काढला, त्यातही अडुळशाची नोंद आहे. आज शास्त्रीय पुस्तकांत तो 'जस्टिशिया अधातोडा' म्हणून सापडतो, जुन्या पुस्तकांत 'अधातोडा वासिका' म्हणून.

ठाणे जिल्ह्यात आणि एकूण कोकणात तो परसात आणि कुंपणाला लावायची रीत आहे. कारण अगदी व्यवहाराचं: गुरं त्याला खात नाहीत. जी शेळी निवडुंग सोडून जवळपास सगळं चघळते ती अडुळशाला नुसतं हुंगून पुढे जाते. त्यामुळे एकदा कुंपण लागलं की लागलं. शेतकऱ्यांनी या कडूपणाचे आणखी उपयोग शोधले होते. पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून गाडायचा, साठवणीत किडीविरुद्ध पसरायचा, फळं आढीत घालताना वापरायचा. इंग्रजी अमदानीत मद्रास सरकारच्या नोकरीत असलेला डेव्हिड हूपर हा रसायनतज्ज्ञ या पानांच्या मागे लागला तो असल्याच गोष्टी ऐकून. १८८८ मध्ये त्यानं पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. संस्कृतात अडुळशाला वासा किंवा वासक म्हणतात, त्यावरून त्याचं नाव वासिसीन पडलं. पुढे मुंबईच्या विल्यम डायमॉक यांच्याबरोबर हूपरनं 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा भारतीय औषधी द्रव्यांचा मोठा कोश लिहिला. पश्चिम भारतातल्या बाजारांत काय विकलं जातं आणि वैद्य-हकीम ते कशासाठी देतात, हे डायमॉकनं ज्या बारकाईनं टिपून ठेवलं, तशी नोंद आपल्याकडच्या फार थोड्यांनी ठेवली.

शेळीला दूर ठेवणारं जे द्रव्य तेच आपल्या छातीतला कफ हलवतं. हा योगायोग नाही. वनस्पती अल्कलॉइडं बनवते ती खाणाऱ्याच्या नसांवर, आतड्यांवर, स्नायूंवर परिणाम व्हावा म्हणूनच. ज्या मात्रेत शेळीला त्रास होईल त्याच्या किती खाली माणसाला उपयोग होईल, एवढाच प्रश्न उरतो. आयुर्वेदानं तो अनुभवानं सोडवला. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात ताज्या पानांच्या रसाची मात्रा दहा ते वीस मिलिलिटर दिलेली आहे. म्हणजे दोन-चार चमचे. 'नैसर्गिकच आहे, पेलाभर प्यायला तरी चालेल' असं म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे पाहावं.

आता रस काढायची गोष्ट. ही इथे सविस्तर सांगायला हवी, कारण अडुळशाचं पान मिक्सरला लावून पाहिलेल्या बहुतेकांची फजिती होते. पान दिसायला रसरशीत असतं, पण कुटलं की चोथा होतो, फडक्यातून पिळलं तर जेमतेम चार थेंब पडतात. जुन्या वैद्यांचा यावरचा उपाय म्हणजे पुटपाक. पानं ठेचून गोळा करायचा, तो वड किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा, वरून ओल्या मातीचा बोटभर लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचा. माती तांबूस झाली की बाहेर काढून फोडायची. आतली पानं स्वतःच्या वाफेत शिजून मऊ झालेली असतात. फडक्यात घालून पिळली की दाट हिरवट-काळसर रस सुटतो. घरोघरी याची सुटसुटीत आवृत्ती झाली: पानं धुऊन, ओली असतानाच तव्यावर टाकायची, वर झाकण, मंद आच. पान लिबलिबीत झालं, रंग हिरव्यावरून शेवाळी झाला की उतरवायचं आणि गरम असतानाच पिळायचं. सात-आठ पानांचा चमचाभर रस निघाला तर पुष्कळ. त्यात तेवढाच मध. कफ फार चिकट असेल तर चिमूटभर पिंपळीची पूड. मुलांना देताना खडीसाखर वाढवायची आणि गिळून होईपर्यंत नाक धरायचं, हे शेवटचं कलम कुठल्याही ग्रंथात नाही, पण सगळ्या आज्यांना पाठ असतं.

ग्रंथांत अडुळसा येतो तो मुख्यतः तीन दुखण्यांसाठी: कास म्हणजे खोकला, श्वास म्हणजे दमा, आणि रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणं. त्याला जोडून क्षय. वासा जगात आहे आणि रोग्याला जगायची आशा आहे, तोवर अशा रोग्यांनी खचण्याचं कारण नाही, अशा अर्थाचा एक श्लोक वैद्यांच्या तोंडी फार जुन्या काळापासून आहे. वासावलेह, वासाघृत, वासासव ही त्याची दुकानी रूपं. आपल्या भागात या औषधांना कारखान्याचं रूप लवकर मिळालं. मलंगगडाच्या पलीकडे, पनवेलला, कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर सुरू केलं. पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांचं 'आर्यभिषक' आलं आणि ज्या घरात वैद्य येऊ शकत नव्हता तिथे निदान छापील पुस्तक पोचलं. अॅलोपॅथीच्या बाटल्यांनीही अडुळशाला आपलंसं केलं. बडोद्याच्या अलेंबिक कंपनीचं 'ग्लायकोडिन टर्प वासाका' एका पिढीच्या तोंडी होतं, आणि त्या नावातला वासाका म्हणजे आपला हाच कुंपणावरचा अडुळसा. त्या औषधात कोडीनही असे, ही गोष्ट त्या पिढीला ठाऊक असेलच असं नाही. झोप मात्र छान लागायची.

उल्हासनगरात या परंपरेला दुसरी एक येऊन भेटली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना याच बराकींत आणून उतरवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या नगराची कोनशिला बसवली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी छावणीचे आकडेच राहिले: एक ते पाच. कॅम्प ४ आज निव्वळ सिंधी राहिलेला नाही. मराठा सेक्शन आहे, सुभाष टेकडी आहे, विठ्ठलवाडी स्टेशनातून रोज मुंबईला जाणारा मराठी, हिंदी नोकरदार आहे. तरी काष्ठौषधींच्या दुकानाची सवय इथे टिकली ती बऱ्याच अंशी सिंधी घरांमुळे. सिंधमध्ये हकिमी रुजलेली होती आणि सर्दी-खोकल्याला जोशांदा ठरलेला. उन्नाब म्हणजे एका जातीची वाळवलेली बोरं, सपिस्तान म्हणजे आपलं भोकर, गावजबानची पानं, ज्येष्ठमध, असं सगळं रात्री भिजत घालून सकाळी उकळायचं आणि गाळून गरम गरम प्यायचं.

आता या जोशांद्याशेजारी मराठी घरातला काढा ठेवा: अडुळसा, भुईरिंगणी, बेहडा, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध. दोन्हींत ज्येष्ठमध सापडेल, पण बाकीचा रोख निराळा आहे. भोकर, बोर, गावजबान ही बुळबुळीत द्रव्यं. ती घशाच्या सोललेल्या अस्तरावर थर देतात आणि कोरडी ढास निवते. अडुळसा, रिंगणी, पिंपळी ही छातीत बसलेला कफ सोडवणारी. कोरड्या खोकल्यात नुसता अडुळसा घेऊन घसा आणखी खवखवला अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि बुळबुळीत जोशांदा पिऊनही छातीतली घरघर हलली नाही अशीही. औषध तेच, ठिकाण चुकलं. मेडिकलवाला सुका की ओला विचारतो, ते काही वेळकाढूपणानं विचारत नाही.

काष्ठौषधी घेताना एक सावधगिरी. उल्हासनगरात बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहायचं आणि विचारलं तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असं सांगायचं, हा विनोद इथली मंडळी स्वतःच हसत सांगतात. अडुळशाच्या बाबतीत मात्र घोटाळा लबाडीचाच असतो असं नाही, नावाचाही असतो. गुजरातीत अडुळशाला अरडूसी म्हणतात आणि महारुख या मोठ्या झाडाला अरडूसो. घाऊक बाजारात गुजराती, सिंधी, मराठी सगळे एकत्र, त्यामुळे एकाची पानं दुसऱ्याच्या नावानं येऊ शकतात. ताजी फांदी असेल तर फसायचं कारण नाही: महारुखाचं पान संयुक्त असतं, एका लांब देठावर दोन्ही बाजूंना दातेरी पर्णिकांची रांग, तर अडुळशाचं पान एकटं आणि अखंड कडेचं. वाळून चुरा झाल्यावर ही ओळख पुसली जाते आणि मग सूक्ष्मदर्शकाशिवाय इलाज नाही. म्हणून चूर्णापेक्षा पाला घ्यावा आणि पाल्यापेक्षा ओळखीच्या झुडपाची ताजी पानं.

वंशावळीकडे वळू. हूपरनं वासिसीन वेगळं काढल्यावर पुढची साठ-सत्तर वर्षं त्याची रचना उलगडण्यात आणि ते प्राण्यांवर तपासण्यात गेली. १९५९ मध्ये अमीन आणि मेहता या दोन संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात वासिसिनोन या भावंड द्रव्याबद्दल लिहिलं. वासिसीन हवेत राहिलं की त्याचंच काही प्रमाणात वासिसिनोन होतं, आणि ते श्वासनलिका सैल करतं असं त्यांना दिसलं. नंतरच्या प्रयोगांत चित्र इतकं सरळ राहिलं नाही. शरीराबाहेर ठेवलेल्या नळीच्या तुकड्यावर एक आणि जिवंत प्राण्यात दुसरंच, असे उलटसुलट परिणामही नोंदले गेले. याच सुमारास जर्मनीत बोहरिंगर इंगेलहाइमच्या रसायनतज्ज्ञांनी वासिसीनचा सांगाडा समोर ठेवून त्याच्यात फेरफार करत करत ब्रोमहेक्सिन बनवलं आणि १९६३ मध्ये ते बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर यकृत त्याचं जे रूपांतर करतं ते अँब्रोक्सॉल. मग कंपनीनं तेच थेट विकायला काढलं. म्हणजे वासिसीन आजा, ब्रोमहेक्सिन बाप, अँब्रोक्सॉल नातू. लालचक्कीच्या मेडिकलमधला 'इंग्लिश' आणि 'आयुर्वेदिक' हा भेद या घरात एकत्र जेवायला बसतो.

ही द्रव्यं करतात काय? आपल्या श्वासनलिकांना आतून ओल्या पापुद्र्याचं अस्तर असतं. त्यावर सूक्ष्म लव हलत असते आणि ती धूळ-जंतू अडकलेला पातळ श्लेष्मा सारखा घशाकडे ढकलत असते. आपण तो नकळत गिळतोही. सर्दी झाली, जंतुसंसर्ग झाला, धूर गेला की श्लेष्म्याचं प्रमाण वाढतं आणि तो थंड पिठल्यासारखा घट्ट होतो. लवीला तो ढकलता येत नाही. मग खोकला हे एकच हत्यार उरतं. ब्रोमहेक्सिन या घट्टपणाला कारण असलेले लांब साखळीचे धागे तोडतं, अँब्रोक्सॉल पातळ स्राव वाढवतं, आणि कफ पुन्हा हलू लागतो. अडुळसा घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो तो यामुळे. औषध लागू पडत नाही असं समजून लोक नेमके त्याच दिवशी ते सोडतात.

अडुळशाच्या बाजूनं हल्लीचा एक पुरावा दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतला आहे. तिथल्या संशोधकांनी दम्याचं तीव्र रूप असलेल्या उंदरांना अडुळशाचा अर्क दिला, तेव्हा फुप्फुसांतली सूज आणि प्राणवायूच्या तुटवड्यानं पेशींत होणारी बिघाडाची साखळी दोन्ही कमी झाल्या. हे निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, कोविडची धास्ती असतानाच, आणि व्हॉट्सअॅपवर पोचेपर्यंत त्यातला उंदीर गळून पडला होता. उंदरावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेल की नाही हे माणसांवर चाचणी केल्यावरच कळतं. नातवाच्या, म्हणजे अँब्रोक्सॉलच्या, बाबतीत दोन्ही दिशांनी बातम्या आल्या. अँब्रोक्सॉल पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत पोचतं असं लंडनमधल्या एका छोट्या चाचणीत २०२० मध्ये दिसलं, आणि त्याआधी, २०१५ मध्ये, युरोपच्या औषध नियामकांनी ब्रोमहेक्सिन-अँब्रोक्सॉलमुळे क्वचित त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया उमटू शकतात अशी सूचना पत्रकांत घालायला लावली. औषध म्हणजे दोन्ही बाजू आल्याच.

अडुळशाची अशी दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती ठाऊक असणं सर्वांत गरजेचं. जुन्या वैद्यकात प्रसूती सुलभ व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप ओटीपोटावर लावायला सांगितला आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांच्या गटानं वासिसीनचा याच दृष्टीनं अभ्यास केला आणि १९८० मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली: वासिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, गर्भपातही करू शकतं. खोकला झालेल्या गरोदर बाईला "घरचंच आहे गं, घे" म्हणून अडुळशाचा काढा देणारी सासू वाईट नसते, पण ती चूक करते. गरोदरपणात अडुळसा नाही, सिरपच्या बाटलीतलाही नाही. बाकीची पथ्यं त्यामानानं लहान. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, म्हणून मध घातलेला अडुळसाही नाही. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी काढ्यातला ज्येष्ठमध रोज घेऊ नये, तो पोटॅशियम कमी करून दाब वाढवतो.

सिरपच्या बाबतीत अडुळशापेक्षा बाटलीतल्या बाकीच्या द्रवाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, हे महाराष्ट्रानं फार मोठी किंमत मोजून शिकायला हवं होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरीन पोटात गेल्यानं चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषधखरेदीची सगळी साखळी उघडी केली. तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपमधल्या त्याच विषानं गेली, त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत असताना. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. तोवर कोमट पाणी आणि वय वर्षाच्या पुढे असेल तर चमचाभर मध पुरतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही मध आहे.

राहिला कॅम्प ४ चा स्वतःचा खोकला. केंद्रानं २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची मानकं पाळू न शकलेल्या शहरांच्या यादीत उल्हासनगर होतं आणि बदलापूरही होतं. मधल्या अंबरनाथला औद्योगिक वसाहत आहे. वालधुनी काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालचा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरात शिरेपर्यंत तिचा नाला झालेला असतो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे या नाल्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूनं शेकडो लोकांना श्वास घेणं अवघड झालं आणि रुग्णालयं भरली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक भागातून निघालेल्या रासायनिक धुक्यानं थेट रेल्वे रुळांपर्यंत मजल मारली, डोळे चुरचुरले, घसे धरले.

अशा रात्री अडुळसा काही करू शकत नाही. तो श्वासनलिकेतला चिकट कफ सोडवतो, हवेतला वायू शोषत नाही आणि भाजलेलं अस्तर बरं करत नाही. तेव्हा तोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडायचं आणि दम लागत असेल तर सरळ रुग्णालय गाठायचं. दमेकऱ्यानं इनहेलर बाजूला ठेवून काढ्यावर राहू नये, हेही त्याच पंक्तीतलं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरतंय, थुंकीत रक्त दिसलं, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. क्षयासाठी वैद्यांनी अडुळसा दिला त्या काळी त्यांच्याकडे त्याहून बरं काही नव्हतं. आज सहा महिन्यांच्या गोळ्यांनी क्षय बरा होतो, आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात जमा होतात. परीक्षानळीत ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असं १९९६ मध्ये दाखवलं गेलं आहे. त्यावरून वैद्यांच्या निरीक्षणाला दाद द्यावी, गोळ्या सोडू नयेत.

साध्या ओल्या खोकल्यापुरता मात्र अडुळसा घरचा असायला हरकत नाही, आणि बराकीच्या खोलीपुढच्या हातभर जागेतही तो येतो. जून-जुलैत ओळखीच्या झुडपाची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार पेरांची फांदी घ्यावी, खालची पानं काढावी, दोन पेरं मातीत जातील अशी लावावी. रंगाचा रिकामा डबा चालतो, पण तळाला भोकं पाडून, आणि आत रंग सुकून चिकटलेला नसेल तर. पाणी साचलं की फांदी कुजते. वालधुनीच्या काठावरून किंवा कारखान्याच्या भिंतीलगतून फांदी आणायला अडचण नाही, पानं मात्र तिथली काढ्यात घालू नयेत, कारण तिथल्या मातीत आणि धुळीत काय काय मुरलंय ते पान सांगत नाही. घरच्या झुडपावरही रस्त्याची धूळ बसते, म्हणून पानं तोडल्यावर दोन पाण्यांतून काढावीत. फांदीच्या टोकाची कोवळी आणि तळाची पिवळी सोडून मधली घ्यावीत. वाळवायची तर सावलीत, आणि बरणीवर महिना लिहून ठेवावा. वर्षाच्या वरचा पाला टाकून द्यावा.